पायरीवर नसलेला जोडा

गुहेबाहेरच्या पायरीवर पायातलं काढून ठेवा असं सांगितलं होतं, आणि मी माझे सँडल कापडी पिशवीत घालून, पिशवी खांद्याला लावून आत घेऊन गेलो. चूक एवढीच. ऐकायला इतकी किरकोळ की बायकोला पहिल्या खेपेला मी ती वगळूनच हकीकत सांगितली. मग त्या हकीकतीत मला कोंडणारा पुजारी अगदीच नालायक दिसायला लागला. तसा तो नव्हता. नालायकपणाची वाटणी करायची तर सगळा वाटा माझ्याच पदरात पडतो.

सँडल आत नेण्याला माझ्या मते भक्कम कारण होतं. काही वर्षांपूर्वी आंध्रात एक मोठी गुहा पाहायला गेलो होतो. आत देव आहे म्हणून बूट बाहेर काढले. दोन तासांनी वर आलो तर बूट गेलेले, आणि महिना मे. गाडीतळापर्यंतचं तापलेलं डांबर मी ज्या चालीनं पार केलं, ती चाल बायकोनं नातेवाइकांना इतक्या वेळा करून दाखवली आहे की घरात कार्य असलं की तिला आता फर्माईश होते. तेव्हापासून पायातलं मी सोडत नाही.

गुहांचं मला वेड आहे. का आहे ते सांगता येत नाही. नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, माझं चष्म्याचं दुकान. लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून झटण्यात आयुष्य गेलं, त्याचा कंटाळा आला असेल. दुकान मुलाकडं सोपवल्यापासून जिथं काही दिसत नाही अशा जागा मी शोधत हिंडतो. मेघालयातल्या एका चिंचोळ्या गुहेत माझं पोट अडकलं आणि मागून आलेल्या शाळेच्या सहलीनं मला सामुदायिक रेटा देऊन बाहेर काढलं. अंदमानात खाडीतून होडीनं जाऊन चुनखडीची गुहा पाहिली, तिथं छताला डोकं लावून आलो. कोकणातल्या एका समुद्रगुहेत नावाडी बसा बसा म्हणत असताना फोटोसाठी उभा राहिलो आणि चष्मा अरबी समुद्राला देऊन बसलो. चष्मेवाल्याचा चष्मा.

त्या समुद्रगुहेतली एक गोष्ट मात्र मनात राहिली. लाट आत शिरून परत फिरायची तेव्हा गुहेच्या पोटातून एक आवाज यायचा. कुणीतरी बराच वेळ श्वास कोंडून धरावा आणि मग सोडावा, तसा. नावाडी माझ्या फजितीवर हसत होता, गप्पा मारत होता, पण तो आवाज यायच्या वेळी दर खेपेला वल्हं थांबवायचा आणि गप्प व्हायचा. का, असं विचारलं तर म्हणाला, असंच. गुहेजवळ राहणाऱ्या माणसांच्या गुहेशी वागायच्या काही रीती असतात. पाहुण्याला त्या दिसतात, पण पाहुणा शहाणा असतो.

एवढा देश पालथा घातल्यावर कळलं की एक गुहा आमच्याच जिल्ह्यात, घरापासून दीड तासावर आहे. वाचायचा चष्मा करायला आलेल्या तिसगावच्या एका गिऱ्हाइकानं सांगितलं. गर्भगिरीच्या रांगेत, तिसगाव सोडून डोंगराकडं वळलं की. बाहेर देवीचा तांदळा, म्हणजे शेंदूर फासलेला अनघड दगड, आणि मागं सरपटत जायचं भोक. आत म्हणे छतातून पांढरे दगडी थेंब लोंबतात. गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. त्या माणसांना माझ्यामुळं पुरेसा त्रास झालेला आहे.

सोमवार होता. बायकोला सांगितलं, राहुरीला जातो, लिंबाची रोपं आणायला. खरं सांगितलं असतं तर तिनं ती डांबरावरची चाल पुन्हा करून दाखवली असती. म्हणजे मी कुठं आहे हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक आहे असं वाटत होतं त्यांच्या मते मी बरोबर उलट्या दिशेला, रोपवाटिकेत उभा होतो.

स्कूटर पायथ्याला बाभळीखाली लावली आणि अर्धा तास चढून गुहेपाशी आलो. समोर दगडी चौकट, तिला पत्र्याचा दरवाजा, खाली झिजलेला दगडी उंबरा, आणि त्याच्या पुढं ती पायरी. दरवाजा बिबट्यासाठी. बिबट्याची मादी आत पिल्लं घालते, म्हणून गुहा पहिल्यापासून फक्त सोमवारी सकाळी उघडायची आणि दुपारी बाराला कुलूप लावायचं, ते पुढच्या सोमवारपर्यंत. पुजारी पन्नाशीचा, बारीक अंगाचा, टोपी मागं सरकवलेला माणूस. मिरजगावहून आलेलं एक कुटुंब माझ्या पुढं चढत होतं. आजी, नवराबायको, दोन मुली. मी त्यांच्या मागोमाग पोचलो, त्यांच्यातलाच वाटलो असेन. पुजाऱ्यानं आम्हाला सगळ्यांना मिळून एकदाच सांगितलं.

"जोडे ह्या पायरीवर काढायचे. दुसरीकडं न्हाई. अनवानी असंल त्यानं पायरीवर एक दगड ठिवायचा, जाताना काढायचा."

मिरजगावची आजी अनवाणी होती, नवसाची. तिनं मुकाट्यानं एक दगड उचलून पायरीवर ठेवला. मला हे भारी वाटलं. अडाणी पण गोड, असं काहीतरी मी मनात म्हटलं. दगड कशाला, हे विचारायचं सुचलं नाही. पुजारी आजीच्या हाताला धरून तिला उंबरा ओलांडून द्यायला वळला, तेवढ्यात मी सँडल पिशवीत टाकले आणि आत शिरलो. पायरीवर चार जोडे आणि एक दगड. पुजाऱ्यानं मोजले असतील. आत पाच माणसं.

आम्ही सहा होतो.

तांदळ्यापुढं समई होती. शेंदराचा आणि तेलाचा वास, पायाखाली गार फरशी. मिरजगावकरांनी नारळ वाढवला, मुलींनी मोबाईलवर फोटो काढले. मी तांदळ्याच्या मागच्या भोकातून सरपटत आतल्या दालनात गेलो. छतातून पांढरे, मेणासारखे दगड खाली आलेले, एकेकाच्या टोकाला पाण्याचा थेंब धरलेला. खाली वीतभर खोल पाणी. थेंब पडायचा आणि बराच वेळानं दुसरा. दोन थेंबांच्या मधे जी शांतता होती ती मी इतर कुठल्या गुहेत ऐकलेली नाही. बाकी ठिकाणी तिकीट काढलेली माणसं असतात.

सुटणाऱ्या थेंबाचा फोटो घ्यायचा म्हणून मी पोटावर आडवा झालो. किती वेळ गेला माहीत नाही. एक नेमका फोटो मिळाला, त्या आनंदात हात ओला झाला, आणि मोबाईल त्याच्या चालू बॅटरीसकट पाण्यात गेला. खाली काही क्षण त्याचा उजेड दिसला, हिरवा, वितळल्यासारखा. मग तोही विझला. हात घालून तो काढला आणि खिशात ठेवला. मेलेला उंदीर खिशात ठेवावा तसं वाटलं.

भोक चाचपत बाहेर आलो. बाहेर म्हणजे तांदळ्याच्या दालनात. तिथं समई असायला हवी होती, आणि दरवाज्यातून दुपारचं ऊन. दोन्ही नव्हतं. मला पहिल्यांदा वाटलं, मी चुकीच्या भोकातून आलोय, हे तिसरंच दालन आहे. मग हाताला तांदळा लागला, तेलकट, आणि समई लागली, अजून गरम. ती विझवून फार वेळ झाला नव्हता. डावीकडं जमिनीवर एक पांढरी दोरी पडलेली दिसली. दोरी नव्हती. पत्र्याच्या दरवाज्याखालून येणारी उजेडाची रेघ होती.

आधी हसू आलं. मग मी दरवाजा ठोठावला आणि ओरडलो, "अहो, मी आत आहे."

माझा आवाज मागं गेला, भोकातून आतल्या दालनात शिरला, तिथं कुठंतरी फिरला आणि परत आला. परत आला तेव्हा तो माझा राहिला नव्हता. शब्द तेच होते. पण जास्त खोलातून आणि जास्त थकलेल्या माणसानं म्हटल्यासारखे. मी आत आहे. मी पुन्हा ओरडलो नाही. खरं सांगतो, मला तो दुसऱ्यांदा ऐकायचा नव्हता.

उजेडाच्या रेघेपाशी बसावं म्हणून उंबऱ्याजवळ टेकलो. वय झाल्यावर माणूस उजेडाच्या कडेकडेनं सरकतो. उंबऱ्याच्या आतल्या अंगाला हात टेकला तर बोटांना खाचा लागल्या. एकाशेजारी एक, उभ्या, नखभर खोल, काही लांब, काही आखूड. शेवटाकडं गर्दी झालेल्या. आणि आता माझा मूर्खपणा पाहा. मला वाटलं, शिलालेख. दोन हजार वर्षांपूर्वीचा, कुणाच्याच नजरेला न पडलेला, आणि तो सापडला कुणाला, तर नगरच्या चष्मेवाल्याला. भीती पार विसरलो. आंधळ्यासारखा बोटं फिरवून अक्षरं लावायला लागलो. एक अक्षर मला चक्क 'क' वाटलं. वर्तमानपत्रात छापायचा फोटोसुद्धा मी मनात ठरवला, चष्म्यासकट.

तेवढ्यात बाहेर पावलं वाजली आणि माणसांचं बोलणं आलं. दरवाजा पत्र्याचा, त्यामुळं शब्द न् शब्द ऐकू येत होता. एक आवाज पुजाऱ्याचा. दुसरा म्हाताऱ्या बाईचा, कोरडा.

"मी सांगते तुला, आत कोनतरी हाय."

"आई, झालं का तुजं सुरू. टेम्पो थांबलाय खाली. मला तिसगावला जायाचंय."

"जा. पन आदी दार उघड."

"पायरीवर जोडा हाय का? दगड हाय का? न्हाई ना. मंग आत मानूस न्हाई. किती येळा सांगायचं."

पुजाऱ्याची आई. मी उठून दरवाज्यावर दोन्ही हात मारले. "मी आहे, आत मी आहे." आणि मागून, माझ्या मानेपाशी गार श्वास सोडत, तो दुसरा आवाज: मी आहे, आत मी आहे.

खाली कुठंतरी टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. मग पुजारी बोलला तेव्हा त्याचा आवाज बारीक झाला होता.

"आई. मला बी ऐकू आलं."

"आलं ना?"

"आदी कदी येत नव्हतं. आता मला बी यायला लागलं."

"मंग इतकी वर्सं मी काय येडी हुते?"

"तसं न्हाई म्हनत मी. चल, खाली चल. ऐकायचं न्हाई. चल तू."

"मी न्हाई येत."

मी दारापलीकडून सांगायला लागलो, की बाबांनो, मी माणूस आहे. हे वाक्य बोलून पाहा कधी बंद दाराआडून. ते ऐकून कुणाची खात्री पटेल असं मला वाटत नाही. माझीही पटेना. मी पुढं म्हटलं, "नगरहून आलोय. माझं चष्म्याचं दुकान आहे."

"तो बी परगावचाच हुता," पुजारी आईला म्हणाला, हळू, पण मला ऐकू आलं.

"व्हय. परगावचाच. तवा बी मी ह्याच पायरीवर बसल्ते. तुज्या बापाला म्हनलं, आत कोनतरी हाक मारतंय. तो म्हनला, वारा हाय. म्हनला, बायकांस्नी कायबी ऐकू येतं. कुलूप लावलं आन् आमी घरी गेलो. भाकरी खाल्ली मी त्या दिशी. आठ दिसांनी उघडलं तर उंबऱ्यापाशी पडल्याला. कोन कुठला, कुनालाच ठाव न्हाई. अनवानी हुता बिचारा. पायरीवर काय ऱ्हानार त्याचं."

माझी बोटं अजून त्या खाचांत होती. ती काढून घेतली. मग अंधारातच त्या खाचांकडं पाहिलं, म्हणजे जिथं त्या असतील तिथं पाहिलं. उभ्या रेघा. वरून खाली ओढलेल्या. हातात एखादा दगड असेल त्याच्या. सुरुवातीच्या खोल आणि अंतरानं होत्या, शेवटच्या उथळ. त्यातली एक मी 'क' म्हणून वाचली होती. माझ्या पाठीमागं आतल्या दालनात एक थेंब पडला आणि मी दोन्ही हात छातीशी घेऊन उंबऱ्यापासून लांब सरकलो. पण लांब सरकणं म्हणजे आत सरकणं. तिथंही बसवेना. शेवटी परत उंबऱ्याला आलो आणि त्याच्याच जागेवर बसलो. दुसरी जागा नव्हती.

पुढचं सगळं मी नंतर जुळवलं. त्या माणसानंतर म्हातारीला गुहेतून हाक ऐकू येत राहिली. पहिली काही वर्षं ती सांगेल तेव्हा नवरा येऊन कुलूप काढायचा. आत कुणी नसायचं. गाव हसायला लागलं. नवरा गेला तो हाच विषय डोक्यात घेऊन. मग मुलानं पायरीची रीत घातली. जोडा किंवा दगड दिसला तर आत माणूस. पायरी रिकामी असली तर आत कुणी नाही, आणि मग काहीही ऐकू आलं तरी दार उघडायचं नाही. आत हाक मारून विचारायचंही नाही, कारण रिकाम्या गुहेला हाक मारली की ती ओ देते, आणि आई दोन दिवस जेवत नाही. त्याच्या दृष्टीनं हा आईचा उपाय होता, आणि तो इतकी वर्षं बिनचूक चालला होता. तो मी मोडला होता. पण हे त्या क्षणी मला काही माहीत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की बाहेरचा माणूस निघून गेला तर पुढच्या सोमवारी तो मला याच जागी पाहणार.

टेम्पोचा हॉर्न पुन्हा वाजला, लांब. पुजारी म्हणाला, "मी चाललो."

माझ्या शर्टाच्या खिशात दुकानाची कार्डं असतात. बायको म्हणते, हा माणूस स्मशानातसुद्धा कार्ड वाटील. मी एक कार्ड काढलं आणि दाराखालच्या फटीतून बाहेर सरकवलं. बाहेर काहीतरी धडपडलं. पुजारी मागं सरताना पायरीवरून घसरला असावा.

"आई, लांब हो. कागद आला आतून."

"बघू."

"हात लावू नको."

"लावला. कोरडा हाय. काय लिवलंय ह्याच्यावर?"

बऱ्याच वेळानं पुजाऱ्यानं वाचलं, एकेक शब्द तोडत. "डोळे... तपासून... मिळतील."

"भूत डोळे तपासतं व्हय?"

"आई, कोनी तरी आदी टाकलं आसंल ते."

"किल्ली दे."

"जोडा न्हाई पायरीवर. रीत ती रीत."

"रीत तू घातली. मी न्हाई घातली. किल्ली दे मला. का तुज्या बापावानी तू बी म्हननार, वारा हाय?"

मग किल्ल्या दगडावर पडल्याचा आवाज आला. हातात दिल्या नव्हत्या, टाकल्या होत्या. त्याची पावलं चार-पाच ढांगा लांब गेली आणि थांबली. टेम्पोकडं मात्र गेला नाही.

म्हातारी कुलूप चाचपत होती. किल्ली पत्र्यावर आपटायची, कुलपात जायची, निघायची. मी आतून "डावीकडं फिरवा" असं सांगितलं. मला माहीत नव्हतं कुठं फिरवायची ते. पण सल्ला दिल्याशिवाय मला राहवत नाही. ती दुसरंच काहीतरी पुटपुटत होती, पुन्हा पुन्हा, लहान मुलाला झोपेतून उठवताना बोलतात तसं. "आले रं. आले. उघडते. आले."

ते मला उद्देशून नव्हतं. हे मला दाराच्या अलीकडं असूनही कळलं.

कडी निघाली. दरवाजा अर्धा उघडला आणि दुपारचं ऊन तोंडावर आलं. डोळ्यांपुढं सगळं पांढरं. त्या पांढऱ्यात एक बुटकी, वाकलेली, नऊवारीतली आकृती. मी उंबरा ओलांडला आणि आभार मानायला तोंड उघडलं, "आजी, तुमचे उपकार..." तिनं हाताच्या पालथ्या बाजूनं मला बाजूला सारलं. दारातून गर्दी बाजूला करावी तसं. आणि माझ्याकडं न बघता आत बघत उभी राहिली.

दरवाजा तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. पूर्ण उघडा. समोर तांदळ्यापर्यंतचा उजेड, त्यामागं काळं. ती पापणीसुद्धा हलवत नव्हती.

"आई, लाव आता," पुजारी लांबूनच म्हणाला.

"थांब. येऊ दे."

मी सांगू पाहिलं, "आत दुसरं कोणी नाही, आजी. मी एकटाच होतो."

"दोन आवाज हुते," ती म्हणाली.

ते प्रतिध्वनीचं आहे, दगडाच्या पोकळीत आवाज असा फिरतो, हे सगळं मला माहीत आहे. गुहांवर मी घरच्यांना बळजबरीनं भाषणं दिलेली आहेत. पण तिथं ते बोलवेना. मी आत वळूनही पाहिलं नाही. ती ज्या तऱ्हेनं वाट पाहत होती त्या तऱ्हेनं कुणी वाट पाहत असलं की आपण मधे उभं राहू नये एवढंच सुचलं, आणि मी उंबऱ्यापासून आणखी दोन पावलं बाजूला झालो. एका माणसाला जायला पुरेल एवढी वाट मोकळी केली. कुणी सांगितलं नव्हतं. पाय आपोआप हलले.

माझ्या उघड्या घोट्यांवरून गार हवा बाहेर गेली. गुहेतून दुपारी अशी हवा येते. येतेच. एवढंच झालं. म्हातारीच्या पदराचं टोक हललं आणि स्थिर झालं. मग तिनं दार ओढलं, कडी घातली, आणि कुलूप या वेळी पहिल्या झटक्यात लावलं.

पुजारी तेव्हा जवळ आला. माझ्या चेहऱ्याकडं, मग पायांकडं, मग रिकाम्या पायरीकडं पाहून त्यानं विचारलं, "तुमचा जोडा कुठं हाय?"

मी पिशवी दाखवली.

"आत नेला?"

"चोरीला जाईल म्हणून."

तो पायरीवर बसला. शिव्या देईल असं वाटलं, मला त्या हव्याही होत्या. पण तो गुडघ्यावर कोपर टेकून बसला. "मी निगालो हुतो," तो म्हणाला. "टेम्पोत बसलो असतो मी. रातीपातूर तिसगावातच असतो. आन् येत्या सोमवारी..." मला जे काही म्हणायचं होतं ते सगळंच ओशाळवाणं होतं, म्हणून मी माफी मागितली, दोनदा, एकदा त्याची आणि एकदा तिची. आणि घाबरल्या माणसाला काय बोलावं ते सुचत नाही म्हणा किंवा सवय म्हणा, मी म्हातारीला म्हटलं, आजी, कधी नगरला आलात तर डोळे तपासून देईन, चष्मा माझ्याकडून.

तिनं पदराच्या टोकानं तोंड पुसलं. खाली टेम्पो निघून गेल्याचा आवाज येत होता. तिनं मला पहिल्यांदाच नीट पाहिलं, टाळूपासून पायाच्या नखापर्यंत, बाजारात नेलेल्या आणि कुणी न घेतलेल्या जनावराकडं बघावं तसं. मग मुलाकडं वळून, मी तिथं नाहीच अशा आवाजात म्हणाली:

"ज्याला उघडायचं हुतं त्याला उघडलं न्हाई आमी, आन् उघडलं ह्याला. ह्यो आठ दिस आत राह्यला असता तरी चाललं असतं."